प्रेसशॉपमधली सुरक्षितता: हात डायमध्ये जाण्याचं कारणच काढून टाका

भोसरी, चाकण, अंबड, वाळूज, शिरोली. कुठल्याही एमआयडीसीत फिरा, दर चार-पाच गाळ्यांमागे एक प्रेसशॉप, म्हणजे प्रेसने पत्रा कापून-वाकवून सुटे भाग बनवणारं वर्कशॉप, सापडतंच. पाच-सहा सी-फ्रेम पॉवर प्रेस, दोन ड्रिल मशीन, एक बेंच ग्राइंडर, कोपऱ्यात वेल्डिंगचा सेट आणि माळ्यावर जुन्या डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे. गाड्यांना लागणारे ब्रॅकेट, क्लिप, वॉशर अशाच गाळ्यांतून निघतात. आणि इथे काम करणाऱ्याचं सगळ्यात जास्त जातं ते बोट.

सुरक्षितता म्हटली की बहुतेक ठिकाणी हेल्मेट, बूट आणि हातमोजे यांची खरेदी होते, भिंतीवर एक फलक लागतो आणि ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, शपथ घेतली जाते. पण शंभर टनाच्या प्रेसखाली हातमोजा घातलेला हात आणि उघडा हात यांत काहीही फरक नसतो. म्हणून या लेखात सुरुवात मशीनपासून केली आहे. अंगावर घालायच्या साधनांचा नंबर बराच नंतर येतो. छोट्या शॉपचे मालक, सुपरवायझर आणि प्रत्यक्ष मशीनवर उभे राहणारे ऑपरेटर-हेल्पर, अशा सगळ्यांना उद्या सकाळपासून वापरता येईल एवढंच सांगायचं आहे.

आधी शॉपमध्ये एक फेरी मारा

वही घ्या आणि शिफ्ट चालू असताना फिरा. बंद शॉपमध्ये धोके दिसत नाहीत. प्रत्येक मशीनपाशी थांबून तीन गोष्टी लिहा: इथे इजा कशाने होऊ शकते, ती किती गंभीर असेल आणि किती वेळा तशी वेळ येते.

पहिली गोष्ट म्हणजे धोका, म्हणजे हॅझार्ड. खाली येणारा रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा, मार देणारा भाग), फिरणारा फ्लायव्हील (ताकद साठवणारं जड चाक), पत्र्याची धार, वायरचा उघडा जोड हे धोके. दुसरी आणि तिसरी गोष्ट मिळून होते जोखीम, म्हणजे रिस्क. धोका तोच असला तरी जोखीम बदलते. महिन्यातून एकदा चालणाऱ्या शिअरिंग मशीनची धार आणि शिफ्टमध्ये चार हजार वेळा हाताने जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, ठेवावा लागणारी प्रेस, दोन्ही ठिकाणी बोट तुटू शकतं. पण दुसऱ्या ठिकाणी तशी संधी दिवसाला चार हजार वेळा येते. ऑडिटमध्ये ज्याला ‘हिरा’ (धोका ओळखणं आणि जोखीम मापणं) म्हणतात तो तक्ता हाच. गांभीर्याला १ ते ५ गुण, शक्यतेला १ ते ५ गुण, आणि दोन्हींचा गुणाकार. मात्र गुणाकार कमी आला म्हणून गांभीर्य ५ असलेली ओळ कधीही खाली ढकलू नका. कायमचं अपंगत्व येऊ शकतं अशी प्रत्येक ओळ यादीत वरच राहिली पाहिजे.

तक्ता ऑफिसात बसून भरू नका. ऑपरेटरला विचारा, “दादा, कुठल्या कामाला हात आत घालावाच लागतो?” उत्तर लगेच मिळतं: स्क्रॅप अडकतो तेव्हा, जॉब डायला चिकटतो तेव्हा, शेवटचा तुकडा पट्टीतून सुटतो तेव्हा. या तीन उत्तरांत प्रेसशॉपमधले बरेच अपघात आले.

उपायांचा क्रम उलटा करू नका

जोखीम कमी करण्याचे पाच मार्ग आहेत आणि त्यांना ठरलेला क्रम आहे. सगळ्यात वर धोका काढूनच टाकणं. मग धोकादायक वस्तू किंवा पद्धत बदलून कमी धोक्याची आणणं. तिसरा मार्ग गार्ड, इंटरलॉक (गार्ड उघडला की मशीन चालू न देणारी सोय), सेन्सर यांसारखे यांत्रिक उपाय. चौथा प्रशिक्षण, परवाने, फलक, कामाची ठरलेली पद्धत. आणि सगळ्यात शेवटी अंगावरची साधनं, म्हणजे पीपीई.

हा क्रम कुणाच्या आवडीचा नाही, त्यामागे साधं कारण आहे. वरचे तीन मार्ग माणूस दमलेला असला, नवा असला, रात्रपाळीला पेंगत असला तरी काम करतात. खालचे दोन मार्ग माणसाच्या सावधपणावर अवलंबून असतात, आणि पहाटे चारला कुणाचाही सावधपणा कमी झालेला असतो. “त्याने लक्ष द्यायला हवं होतं” असं अपघात-अहवालात लिहिणाऱ्या सुपरवायझरने स्वतःला एकच विचारावं: त्याचं लक्ष नसताना हात आत जाऊ शकत होता की नाही?

प्रेस: तुमचा क्लच कुठला आहे ते आधी पाहा

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण चुकीच्या प्रेसवर चुकीचं साधन बसवून समाधान मानण्याचा प्रकार सर्रास दिसतो.

क्लच म्हणजे फिरत्या फ्लायव्हीलची ताकद रॅमला जोडणारा आणि तोडणारा भाग. जुन्या मेकॅनिकल प्रेसना की क्लच किंवा पिन क्लच असतो. पेडल दाबलं की क्लचमधली ‘की’, म्हणजे खिळीसारखा तुकडा, गुंतते आणि रॅमला खाली-वर करणारा क्रँक पूर्ण एक फेरा घेतो. मध्ये काहीही झालं तरी रॅम अर्ध्यात थांबत नाही. न्यूमॅटिक, म्हणजे एअर क्लच असलेल्या प्रेसमध्ये हवा सोडली की क्लच सुटतो, ब्रेक लागतो आणि रॅम वाटेत कुठेही थांबू शकतो.

हा एक फरक सगळं ठरवतो. लाइट कर्टन, म्हणजे समोरची न दिसणाऱ्या किरणांची जाळी, हात आत गेल्याचं ओळखून मशीनला थांबायला सांगते. की क्लचच्या प्रेसला ‘थांब’ सांगून उपयोग नाही, ती थांबूच शकत नाही. मिनिटाला ६० स्ट्रोकच्या प्रेसचा रॅम अर्ध्या सेकंदात खाली येतो. अशा प्रेसवर लाइट कर्टन बसवून गिऱ्हाइकाच्या ऑडिटरला दाखवणं म्हणजे ऑपरेटरला खोटा भरवसा देणं, आणि तो भरवसा उघड्या प्रेसपेक्षाही घातक आहे, कारण माणूस निर्धास्त होऊन हात घालतो.

की क्लचच्या प्रेससाठी उपाय असे:

पहिला, डाय बंदिस्त करा. वरचा-खालचा भाग उघडा असतानाही पंच (वरचा कापणारा भाग) आणि स्ट्रिपर (पंचावरून पट्टी सोडवणारी प्लेट) यांमधली फट ६ मिमीपेक्षा कमी ठेवता आली तर बोट आत शिरतच नाही. पट्टीवरच्या ब्लँकिंग (तुकडा कापणं) आणि पिअर्सिंगच्या (भोक पाडणं) बऱ्याच डाय अशा करता येतात. नवी डाय बनवून घेताना डिझायनरला हे पहिल्या दिवशी सांगा, नंतर करायला गेलं तर खर्च वाढतो.

दुसरा, डायभोवती पक्का गार्ड. जाळीचा किंवा पॉलिकार्बोनेटचा, बोल्टने बसवलेला, पाना घेतल्याशिवाय न निघणारा. पट्टी आत जायला आणि पीस बाहेर पडायला लागेल तेवढीच फट.

तिसरा, जॉब हाताने ठेवावा लागणाऱ्या बेंडिंग-फॉर्मिंगच्या कामासाठी सरकता ट्रे. ऑपरेटर बाहेर ट्रेमध्ये जॉब ठेवतो, ट्रे आत ढकलतो, मग स्ट्रोक. पीस बाहेर काढायला हवेचा झोत किंवा खालून उतार. स्क्रॅपसाठी चुंबकाची दांडी किंवा लांब चिमटा प्रेसलाच साखळीने टांगून ठेवा. चिमटा मऊ धातूचा असावा, म्हणजे चुकून आत राहिला तर चिमटा चेपतो, डायचं नुकसान कमी होतं आणि तुकडे उडत नाहीत. “चिमट्याने पीस कमी निघतात” ही तक्रार पहिल्या आठवड्यात येते. हात बसला की आकडा बऱ्यापैकी सावरतो. तरी थोडा कमी राहिला तर टार्गेट बदला, चिमटा नाही.

चौथा, दोन हातांची बटणं. दोन्ही बटणं जवळजवळ एकाच क्षणी दाबली तरच स्ट्रोक लागतो आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडावी लागतात. बटणं एका हाताने किंवा हात आणि कोपराने दाबता येणार नाहीत एवढ्या अंतरावर आणि कडा असलेल्या कपांत हवीत. की क्लचवर ती डायपासून एवढ्या लांब हवीत की बटण सोडून हात आत पोहोचेपर्यंत रॅम खाली येऊन गेलेला असेल. एक बटण चिंधीने बांधून ठेवलेलं किंवा त्यात लाकडाची पाचर मारलेली दिसली तर ती प्रेस तिथेच बंद करा. आणि दोन माणसं काम करत असतील तर बटणांचे दोन संच हवेत. एकाचे दोन हात बटणांवर असले म्हणून समोरच्या हेल्परचे हात सुरक्षित होत नाहीत.

पेडलवर काम चालत असेल तर पेडलला वरून आणि दोन्ही बाजूंनी कव्हर हवंच. वरून पडलेला जॉब, मागून जाणाऱ्याचा पाय, ढकललेली ट्रॉली, यातलं काहीही पेडल दाबू शकतं.

आता एअर क्लचची प्रेस. इथे लाइट कर्टन खरंच उपयोगी आहे, पण अंतर मोजून. हाताचा वेग साधारण सेकंदाला २ मीटर धरतात. प्रेसला थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर तेवढ्यात हात ४०० मिमी पुढे जातो. म्हणजे १४ मिमी जाडीची वस्तू ओळखणारी जाळी डायच्या धोकादायक भागापासून कमीत कमी ४०० मिमी लांब हवी. ब्रेक झिजला की थांबायचा वेळ वाढतो, मग तेच अंतर अपुरं पडतं. म्हणून थांबायचा वेळ ठरावीक काळाने मोजून घ्या. जाळी आणि प्रेस यांच्या मध्ये माणूस उभा राहू शकेल एवढी जागाही सोडू नका.

रोज शिफ्टच्या सुरुवातीला पाच मिनिटांची तपासणी ठेवा. जाळीबरोबर आलेली टेस्टची कांडी वर, मध्ये, खाली अशी फिरवा, प्रत्येक वेळी रॅम थांबला पाहिजे. रिकामा स्ट्रोक मारून पाहा, रॅम वर नेमका टोकाला थांबतो का. टोक ओलांडून थोडा खाली सरकत असेल तर ब्रेक ढिला आहे किंवा त्याच्या लाइनिंगवर तेल गेलंय. एकदा पेडल दाबून रॅम दोनदा खाली आला, ज्याला शॉपमध्ये ‘डबल मारला’ म्हणतात, तर की झिजली आहे किंवा स्प्रिंग तुटली आहे. अशी प्रेस “तेवढी लॉट संपवू” म्हणून पुढे चालवायची नाही. एकदा डबल मारलेली प्रेस पुन्हा मारते, आणि दुसऱ्या वेळी ऑपरेटरचा हात पीस उचलायला आत गेलेला असतो.

दुरुस्ती आणि डाय बदलणं: कुलूप लावा

उत्पादन चालू असताना जेवढा धोका असतो त्याहून वेगळा धोका डाय सेटरला (डाय बसवणाऱ्या-बदलणाऱ्या कारागिराला) आणि मेंटेनन्सवाल्याला असतो. त्याचं डोकं आणि दोन्ही हात मशीनच्या आत असतात आणि बटण दुसऱ्याच्या हाताशी. जुने इलेक्ट्रिशियन फ्यूज काढून खिशात ठेवायचे. कल्पना तीच, फक्त ती आता पक्की करायची. याला लोटो म्हणतात: लॉकआउट आणि टॅगआउट.

१. त्या मशीनवर आणि आजूबाजूला काम करणाऱ्या सगळ्यांना सांगा की मशीन बंद होतंय.
२. मशीन नेहमीच्या बटणाने बंद करा. फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत थांबा. मोटर बंद झाली तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतो आणि एका स्ट्रोकला पुरेल एवढी ताकद त्यात असते.
३. मुख्य आयसोलेटर, म्हणजे मशीनचा वीजपुरवठा तोडणारा स्विच, बंद करा. हवेची लाइन असेल तर तिचा व्हॉल्व्हही.
४. आयसोलेटरला आणि व्हॉल्व्हला स्वतःचं कुलूप लावा, चावी स्वतःच्या खिशात. कुलपाला नाव, तारीख आणि कामाचा प्रकार लिहिलेला टॅग. तिघं काम करत असतील तर अनेक भोकांचा हास्प (कडी) घालून तिघांची तीन कुलपं.
५. साठलेली ताकद काढा. एअर टँक आणि कुशनमधली (डायखालच्या हवेच्या गादीतली) हवा सोडा, हायड्रॉलिकचा दाब उतरवा. रॅमखाली सेफ्टी ब्लॉक उभा करा.
६. आता स्टार्टचं बटण दाबून पाहा. मशीन चालू झालं नाही याची खात्री झाली की मगच हात आत.

सहावी पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. पॅनेलवरचं नाव चुकीचं असणं, भलताच आयसोलेटर पाडणं, एका मशीनला दोन ठिकाणांहून सप्लाय असणं, हे सगळं त्या एका बटणाने उघडं पडतं.

सेफ्टी ब्लॉकला एक इलेक्ट्रिक प्लग जोडून घ्या. ब्लॉक त्याच्या जागेवरून काढला की प्लग निघतो आणि मोटरचा सप्लाय तुटतो. म्हणजे ब्लॉक आत असताना कुणी प्रेस सुरू करूच शकत नाही. खर्च अगदी थोडा आहे. काम संपल्यावर ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. सेटर जेवायला गेला म्हणून त्याचं कुलूप कापून मशीन सुरू करणं हा प्रकार एकदाही चालवून घेऊ नका.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम २१ प्रत्येक फ्लायव्हील आणि फिरत्या भागाला भक्कम कुंपण मागत होतं, तर कलम २२ चालू यंत्राच्या तपासणीसाठी खास प्रशिक्षित माणूस आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे, तेही मालकाने दिलेले. आता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून, त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेने घेतली आहे. कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवण्याची जबाबदारी मालकाची, हे सूत्र तिथेही कायम आहे. कंत्राटी कामगार आहे, ठेकेदाराचा माणूस आहे, या सबबीने मशीनचा गार्ड सुटत नाही.

ड्रिल आणि ग्राइंडर

ड्रिल मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत. हे वाक्य मोठ्या अक्षरात मशीनवर लिहा. फिरणाऱ्या ड्रिलला मोज्याचा एक धागा अडकला की मोज्यासकट हात गुंडाळला जातो, सोडवायला वेळच मिळत नाही. हाच नियम लेथला. लांब बाह्या, गळ्यातला रुमाल, ओढणी, मोकळे केस, हातातला दोरा किंवा कडं, सगळं बाजूला. जॉब हाताने धरून ड्रिल करू नका, व्हाइसमध्ये पकडा. चिप्स ब्रशने काढा, फुंकर मारून किंवा हवेच्या गनने नाही.

हातातल्या अँगल ग्राइंडरवर बघायचा आकडा म्हणजे डिस्कवर छापलेला आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे. चार इंची, म्हणजे १०० मिमी डिस्क साधारण १५,२०० आरपीएमपर्यंत चालते. सात इंची, म्हणजे १८० मिमी डिस्क साधारण ८,५०० पर्यंतच. चार इंची ग्राइंडर स्वतः ११-१२ हजाराने फिरतो. त्याचा गार्ड काढून त्यावर मोठी डिस्क चढवली की ती तिच्या मर्यादेपेक्षा कितीतरी वेगाने फिरते आणि फुटते. फुटलेला तुकडा समोरच्याच्या चेहऱ्यावर येतो. गार्ड काढण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं, मोठी डिस्क बसत नाही. म्हणून गार्ड नसलेला ग्राइंडर दिसला की आधी डिस्कचा आकार बघा. डिस्कच्या मधल्या धातूच्या कड्यावर एक्स्पायरीचा महिना आणि वर्ष असतं, तेही पाहा. कापायच्या पातळ डिस्कने बाजूने घासू नका.

बेंच ग्राइंडरला टेकण आणि दगड यांतलं अंतर ३ मिमीपेक्षा जास्त नको, नाहीतर जॉब मध्ये ओढला जातो. नवा दगड लावण्यापूर्वी बोटावर किंवा दांडीवर टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोका. स्वच्छ घणघणीत आवाज आला तर दगड चांगला. बद्द आवाज म्हणजे आत तडा, तो दगड फेकून द्या. बसवल्यावर एक मिनिट बाजूला उभं राहून रिकामा फिरवा.

वेल्डिंग आणि गॅस

गॅसचे सिलिंडर उभे आणि साखळीने बांधलेले हवेत, रेग्युलेटरपाशी फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्वाळा नळीतून मागे येऊ न देणारी सोय) हवा. ऑक्सिजनच्या नळीला, व्हॉल्व्हला, रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीसचा हात लागू देऊ नका. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ग्रीस ठिणगीशिवायही पेटतं. प्रेसशॉपमध्ये सगळ्यांचे हात तेलकट असतात, म्हणून ही गोष्ट इथे जास्त महत्त्वाची. वेल्डिंगची अर्थिंगची क्लॅम्प जॉबलाच लावा, शेडच्या खांबाला नाही. हातात धरायच्या सगळ्या मशीनच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. जवळ अग्निशामक ठेवा, त्याला काटा असेल तर तो हिरव्यात असला पाहिजे. विजेच्या आगीवर पाणी नाही. आधी सप्लाय बंद, मग सीओटू किंवा एबीसी पावडर.

मे महिन्यात छपरावर चढण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की गळती काढायला शेडच्या छपरावर माणूस चढवला जातो. बहुतेक वेळा तो बाहेरचा, रोजंदारीवरचा असतो आणि त्याला शेडची काहीही माहिती नसते. सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलेल असं गृहीत धरू नका, तो जुना असेल तर मुळीच नाही. त्यात उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे धुळीने काळवंडून सिमेंटच्या पत्र्यासारखेच दिसतात. पाय पडला की माणूस सरळ खाली, चालू मशीनवर.

छपरावर चालायला फळ्यांची शिडी, म्हणजे क्रॉलिंग बोर्ड, पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या आधारांवर) भार येईल अशी टाका आणि एकाच वेळी दोन फळ्या द्या, म्हणजे एकीवर उभं राहून दुसरी पुढे सरकवता येते. फायबरच्या पत्र्यांच्या जागा खालून पाहून वर खडूने आखा. शक्य असेल ते काम आतून, मचाण बांधून करा.

फुल बॉडी हार्नेस घातला म्हणजे झालं असंही नाही. दोर साधारण १.८ मीटर, शॉक अब्सॉर्बर उघडला की आणखी सुमारे १.७५ मीटर, खाली माणसाची उंची आणि शिवाय थोडी सोडलेली जागा. हूक पायाच्या पातळीला अडकवला असेल तर थांबेपर्यंत सहा मीटरच्या आसपास उंची लागते. तुमची शेड पाच मीटरची असेल तर हार्नेस घातलेला माणूसही जमिनीवर आदळेल. हूक डोक्याच्या वर अडकवा, दोर आखूड ठेवा किंवा मागे ओढून घेणारा फॉल अरेस्टर वापरा. आणि हूक पाइपला किंवा केबल ट्रेला नाही, स्ट्रक्चरच्या स्टीलला.

अंगावरची साधनं: काय बघून घ्यायची

मशीनचं काम झालं, आता पीपीई. प्रत्येक साधन कशासाठी आणि कशासाठी नाही, हे माहीत हवं.

बूट घेताना आयएस १५२९८ आणि २०० ज्यूलचा टो कॅप पाहा. २०० ज्यूल म्हणजे साधारण २० किलोची वस्तू एक मीटरवरून पडल्याचा मार. त्याहून जड डाय हाताने उचलू नका, ट्रॉलीच वापरा. हेल्मेटसाठी आयएस २९२५. मोठा मार बसला की तडा दिसला नाही तरी हेल्मेट बदलायचं. आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून पाहता येतो. रस्त्याकडेला स्वस्तात मिळणाऱ्या मालावर नुसतं चिन्ह छापलेलं असतं.

पत्रा हाताळायला कट रेझिस्टंट मोजे हवेत, सुती मोजा धारेपुढे टिकत नाही. ग्राइंडिंगला गॉगल आणि वर फेस शील्ड, दोन्ही. नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नाही. धुळीला आणि वेल्डिंगच्या धुराला एफएफपी२ मास्क चालतो. पण थिनर आणि पेंटची वाफ त्यातून आरपार जाते, तिला ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज असलेलाच मास्क लागतो. कुठल्या रसायनाला काय, हे त्याच्या सेफ्टी डेटा शीटच्या आठव्या भागात लिहिलेलं असतं. ती शीट पुरवठादाराकडून मागून घ्या आणि ड्रमच्या जवळ लावा.

कानाचं नुकसान दुखत नाही म्हणून कुणी मनावर घेत नाही. आठ तासांसाठी मर्यादा ९० डेसिबल आहे आणि ११५ च्या वर तर क्षणभरही नको. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर मोजमाप करून घ्यायची वेळ आली आहे. फोमचा इअरप्लग नुसता कानाच्या तोंडाशी ठेवला तर काही होत नाही. स्वच्छ बोटांनी तो बारीक वळा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. बरोबर बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटतो. प्रेसखाली जाड रबरी पॅड घातले आणि पीस लोखंडी पेटीऐवजी रबर लावलेल्या पेटीत पडू दिले तर मुळातला आवाजही कमी होतो.

थोडक्यात वाचलेले प्रसंग लिहून ठेवा

रॅमने डबल मारला पण हात बाहेर होता. डाय ट्रॉलीवरून घसरली पण पाय वाचला. अशा प्रसंगाला निअर मिस म्हणतात, आणि प्रेसशॉपसाठी हीच सगळ्यात मोलाची माहिती आहे. पण ती ऑपरेटरच्या तोंडून बाहेर येत नाही, कारण सांगितलं की ओरडा मिळतो. शॉपच्या दाराशी एक वही टांगा. नाव लिहायची सक्ती नको. रोज सकाळी दहा मिनिटांच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे सुरक्षिततेच्या छोट्या बैठकीत, कालची नोंद वाचा आणि तिच्यावर काय केलं ते त्याच वहीत, त्याच ओळीखाली लिहा. दोन नोंदींवर खरंच काही झालेलं दिसलं की तिसरी नोंद आपोआप येते.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी प्रेसवर उभा करू नका. बिहार, ओडिशा, विदर्भ, मराठवाड्यातून आलेला मुलगा “जमेल का?” विचारल्यावर “हो” म्हणणारच, त्याला काम हवं असतं. त्याला त्याच्या भाषेत सांगा आणि मग त्याच्याकडून करवून घ्या: एमर्जन्सी स्टॉप कुठे, चिमटा कसा धरायचा, स्क्रॅप अडकला तर काय करायचं. शेवटच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर एकच आहे. मशीन बंद करायचं आणि सेटरला हाक मारायची.

अपघात झालाच तर

बोट चिरडलं किंवा तुटलं तर आधी मशीन बंद करून सप्लाय तोडा. हात अडकला असेल तर रॅम घाईने उलटा फिरवू नका, सेटरला बोलावून फ्लायव्हील हाताने फिरवून सावकाश सोडवा. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबा आणि हात हृदयाच्या वर धरा. सूज येण्याआधी अंगठी काढा. हळद, पेट्रोल, ग्रीस काहीही लावू नका. पाणी किंवा चहाही देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते.

तुटलेला भाग शोधा, डायमधला आणि स्क्रॅपच्या पेटीतलाही. तो ओल्या केलेल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बंद करा आणि ती पिशवी बर्फ-पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बर्फ थेट मांसाला लावला तर पेशी मरतात आणि जोडणी होत नाही. १०८ ला फोन करा. शक्यतो प्लास्टिक किंवा हँड सर्जन असलेल्या रुग्णालयात न्या आणि निघतानाच तिथे फोन करून कळवा. अशा रुग्णालयाचं नाव, नंबर आणि रस्ता आजच शोधून फर्स्ट एड पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवा.

अपघाताचा अहवाल ईएसआयसीकडे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे, लगेच द्यायचा असतो, आणि कामगार ४८ तास किंवा अधिक कामावर येऊ शकत नसेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयालाही कळवावं लागतं. कामगारांनी एक करावं: नोकरी लागली की पहिल्याच महिन्यात स्वतःचा ईएसआय नंबर मागून घ्यावा. कामावर इजा झाल्यास बरं होईपर्यंत वेतनाच्या ९० टक्के भत्ता आणि कायमचं अपंगत्व आलं तर पेन्शन त्या नंबरावर मिळते. अपघातानंतर घाईने नोंदणी झालेल्या माणसाला ते सिद्ध करत फिरावं लागतं. दवाखान्यात “घरी पडलो” असं लिहून घ्यायला कुणी सांगितलं तर ते लिहू देऊ नका. केसपेपरवर मशीनचं नाव, वेळ आणि ‘कामावर असताना’ हे शब्द आले पाहिजेत.

आणि ती प्रेस तपासणी होईपर्यंत कुलूप लावून बंद ठेवा. डाय, गार्ड, बटणं, ब्रेक जसे होते तसे फोटो काढा, ऑपरेटरशी आणि शेजारच्या मशीनवरच्या माणसाशी त्याच दिवशी बोला. हात आत का गेला हे कळून त्यावर गार्ड, ट्रे किंवा नवी डाय असा प्रत्यक्ष बदल झाला, की मगच पुढचा स्ट्रोक मारा.